लागलं नाही, लावलं

‘सवय लागली’ असं तळमजल्यावरच्या काकांपुढे म्हणायची सोय नव्हती. ठेच लागलेली चालायची, भूक लागलेली चालायची. पण सवय लागली म्हटलं, की ते हातातली पिशवी खाली ठेवायचे आणि विचारायचे, "लागली? आपोआप? कुणी लावली ते सांगा."

एकदा माझी बायको गेटपाशी सहज म्हणाली, "काका, मला चार वाजता चहाची सवयच लागलीय."

"कुणी लावली?"

तिने थोडा विचार केला. "सासूबाईंनी."

"मग वाक्य नीट म्हणा. सासूबाईंनी मला चहाची सवय लावली. बघा, कर्ता सापडला."

सासूबाई म्हणजे माझी आई. ती तेव्हा पाठीमागेच भाजीवाल्याशी घासाघीस करत होती. त्या संध्याकाळी आमच्या घरात जे झालं, त्याचा कर्ता शोधायला मात्र काका चौथ्या मजल्यावर आले नाहीत.

मुलुंड पूर्वेच्या एका मराठी शाळेत तीसेक वर्षं प्रयोगशाळा सहायक म्हणून काम करून ते निवृत्त झाले होते. शिक्षक नव्हे, सहायक. हा फरक ते स्वतःच आवर्जून सांगायचे. "शिकवायचे ते सर. मी परीक्षानळ्या धुवायचो. पण प्रयोग फसला की सर माझ्याकडे बघायचे." त्यांच्या प्रत्येक पांढऱ्या शर्टाला कुठे ना कुठे ॲसिडचं भोक होतं. बायको गेल्यावर तळमजल्यावरच्या एका खोलीत ते एकटेच राहायचे, आणि आयुष्यात जे काही होईल ते सायन्सच्या जर्नलसारखं मांडायचे: हेतू, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. दूध उतू गेलं तर शेगडी पुसायच्या आधी "निरीक्षण" म्हणून थोडा वेळ बघत उभे राहायचे. खिशात लाल पेन्सिल असायची. लग्नपत्रिका हातात दिली तरी ती आधी तपासायचे आणि मग अभिनंदन करायचे.

दर रविवारी सकाळी नऊ ते दहा ते बिल्डिंगखाली, मीटरच्या खोलीसमोर, मुलांचा वर्ग घ्यायचे. सहा ते नऊ वयाची दहा-बारा मुलं, सतरंजीवर. मुलं त्यांना ‘सर आजोबा’ म्हणायची. वर्गात काय शिकवतात हे कुणी पालकांनी विचारलं नव्हतं. फी नाही, मुलं तासभर घराबाहेर, आणि शिकवणारा म्हातारा माणूस. आमच्या संस्काराच्या कल्पनेत हे अगदी चपखल बसत होतं. बहुतेकांची समजूत होती की तिथे श्लोक होत असणार.

तिथे त्या वर्षी विषय होता ‘नाद’. एखादी गोष्ट आपल्याला सोडत का नाही, एवढंच त्यांना मुलांना समजवायचं होतं. त्यात त्यांची एक अडचण होती, जी त्यांनी पहिल्याच दिवशी मुलांपुढे ठेवली. ते स्वतः तपकीर ओढायचे. दर दहा-पंधरा मिनिटांनी पितळी डबी निघायची, चिमूट नाकात जायची, डोळ्यांत पाणी यायचं. नादाविषयी बोलायला असा माणूस योग्य नाही, असं कुणालाही वाटेल. त्यांना उलट वाटत होतं. बाहेरून साहित्य आणायची गरज नाही, म्हणाले.

त्या दिवशीचं मला माझ्या मुलीने, सईने, जेवताना सांगितलं. ती तेव्हा आठ वर्षांची होती. आजोबांनी डबी तिच्या हातात दिली आणि नियम सांगितला: दहा वाजेपर्यंत द्यायची नाही, मी काहीही म्हणालो तरी. बाकीच्यांनी वहीत लिहायचं. हेतू: आजोबा काय करतात ते पाहणे. साहित्य: एक म्हातारा, एक डबी.

पहिली दहा मिनिटं ते छान बोलत होते. मग म्हणाले, "सई, झाकण घट्ट आहे का गं? आण, मीच बघतो."

"घट्ट आहे," सई म्हणाली.

"मला सर्दी झालीय. औषध म्हणून घ्यायला काय हरकत आहे?"

तिसऱ्या मजल्यावरच्या पार्थने मोठ्याने वाचत लिहिलं, "थाप नंबर दोन."

"सईसारखी शहाणी मुलगी आख्ख्या मुलुंडात नाही."

"सर आजोबा, ही थाप लिहायची की खरं?" एका मुलीने विचारलं.

त्यांचे डोळे एव्हाना लाल झाले होते. "थापच. लिही."

मग ते मालवणीत शिरले. एरवी शाळेच्या प्रमाणभाषेत बोलणारा माणूस हात पसरून म्हणायला लागला, "दी गो बाय माझे. एकच चिमूट. तुझा काय जाता?" मुलं खदखदून हसली. आणि हसू चालू असतानाच ते उठले आणि ओरडले, "दे म्हणतो ना." तो आवाज मुलांनी आधी कधी ऐकला नव्हता. सईने डबी पाठीमागे लपवली. ती रडायला लागली, पण तिने डबी दिली नाही.

ते खाली बसले. मग म्हणाले, "हेही लिहा. आत्ता जो ओरडला तो मी नव्हतो, असं म्हणावंसं वाटतंय मला. तसं लिहू नका. मीच होतो." आणि मग मुलांना समजावून सांगितलं, की तपकीर हवी असते ती नाकाला. नाकाला थापा मारता येत नाहीत, म्हणून ते डोक्याला कामाला लावतं. नाद लागलेला माणूस बावळट होत नाही, उलट हुशार होतो. फक्त ती सगळी हुशारी त्या डबीपुरती खर्च होते.

माझी बायको म्हणाली, "अरे, हे काय शिकवणं झालं? तंबाखूच ना ती?" मी म्हणालो, "अगं, शास्त्रीय पद्धत आहे. उत्तम आहे." हे माझं मत लक्षात ठेवावं. ते मी पुढे फार काळ ठेवलं नाही.

पुढचे काही रविवार डब्यांचा प्रयोग चालला. चहा-साखरेचे तीन ॲल्युमिनियमचे डबे, वर चिठ्ठ्या: ‘नेहमी’, ‘कधीच नाही’, ‘कधी कधी’. आत लिमलेटच्या गोळ्या. येणाऱ्या प्रत्येक मुलाने पाहिजे तो डबा उघडायचा. ‘नेहमी’मध्ये नेहमी गोळी. ‘कधीच नाही’मध्ये कधीच नाही. तिसऱ्यात कधी असायची, कधी नसायची, कधी एकदम तीन. महिन्याभराने त्यांनी तिन्ही डबे मुलांसमोर रिकामे केले, पालथे करून दाखवले, आणि म्हणाले, आता कशातच काही नाही. ‘नेहमी’चा डबा मुलांनी एकदा उघडला आणि सोडून दिला. ‘कधी कधी’चा डबा मात्र ती पुढचे तीन रविवार उघडत राहिली. पार्थ तर निघताना परत येऊन उघडून जायचा.

"अरे, रिकामा आहे. तुझ्यासमोर पालथा केला ना?"

"हो. पण चुकून असली तर?"

"हे लिही," ते म्हणाले. "‘पण चुकून असली तर.’ सगळं यातच आहे. जे नेहमी मिळतं त्याचा कंटाळा येतो. जे कधीच मिळत नाही ते आपण विसरतो. मधलं जे आहे, ते माणसाला उठू देत नाही."

आणि मग गृहपाठ दिला. तुमच्या घरातला ‘कधी कधी’चा डबा कोणता ते शोधा, आणि तो कोण भरतं ते विचारून या.

आता माझ्याविषयी सांगायला हवं. मी पवईला एका कंपनीत काम करतो. तलाव दिसतो, कॉफी फुकट असते. आम्ही लहान मुलांसाठी गणिताचा एक मोबाइल गेम बनवतो. त्यात एक खारूताई आहे. मुलाने बेरीज सोडवली की ती झाडावरून अक्रोड टाकते. कधी साधा, कधी कुजका, आणि कधी, मुलाला मुळीच ठाऊक नसताना, सोन्याचा. सोन्याचा कधी टाकायचा हे जी टीम ठरवते, तिचा मी प्रमुख. मूल कंटाळून गेम बंद करणार आहे हे आम्हाला त्याच्या आधी कळतं. बोटं मंदावतात. त्याच क्षणी सोन्याचा अक्रोड पडतो. ऑफिसात याला एंगेजमेंट म्हणतात. आईला हे सांगितलं तेव्हा तिने कुणाची म्हणून विचारलं होतं. माझ्या कार्डावर मात्र ‘आनंद’ या अर्थाचा इंग्रजी शब्द छापलेला आहे, कारण ‘डबे भरणारा’ असं कार्डावर छापत नाहीत.

बिल्डिंगमधली झाडून सगळी मुलं तो गेम खेळायची. सई सोडून. आमच्या घरात तो डाउनलोड करायचा नाही, असा नियम मी केला होता. का, तर डोळे बिघडतात. आणि तो मी बनवतो हे तिला माहीत नव्हतं. बाबा पवईला कॉम्प्युटरवर काम करतात, एवढंच.

त्या रविवारी दुपारी ती वही घेऊन आली. "बाबा, मोबाइलमधल्या ‘कधी कधी’च्या डब्यात कोण भरतं?"

"माहीत नाही गं."

"तू कॉम्प्युटरवाला ना?"

"माझं काम वेगळं असतं."

तिने ते जसंच्या तसं वहीत लिहिलं. पुढच्या रविवारी कुणाचं उत्तर देव होतं, कुणाचं वायफाय. सईचं होतं, ‘बाबांना विचारले. त्यांना माहीत नाही.’ आजोबांनी त्याखाली काही शेरा दिला नाही. लाल पेन्सिलने एक ठिपका दिला फक्त. वही उघडून तो ठिपका मी कितीतरी वेळा पाहिला आहे.

दोन दिवसांनी ते मला लिफ्टपाशी भेटले. "साहेब, पार्थचे वडील म्हणत होते, ती खारूताई तुमची. येत्या रविवारी या ना वर्गाला. मुलं कर्ता शोधून दमली. तुम्ही समोर उभे राहून ‘मी’ म्हणालात, की वाक्य पुरं होईल."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. हे जास्त वाईट होतं. बाटलीवर लेबल लावायचं राहिलंय, तसं ते सांगत होते. मी म्हणालो, "बघतो, ऑफिसचं काम आहे." आणि लिफ्टमध्ये शिरल्यावर मला एकच चित्र दिसत होतं. सतरंजीवर बसलेली सई, मांडीवर वही, आणि समोर मी.

रविवार यायला पाच दिवस होते. बुधवारी मॅनेजिंग कमिटीची मीटिंग होती आणि मी कमिटीत होतो. पार्किंगचा विषय संपल्यावर मी घसा खाकरला. म्हणालो, एक नाजूक विषय आहे. लहान मुलांच्या हातात तपकिरीची डबी दिली जाते, तीही सोसायटीच्या जागेत. उद्या काही झालं तर जबाबदार कोण? जबाबदारी हा शब्द निघाला की आमची कमिटी सरळ होऊन बसते. सेक्रेटरी म्हणाले, "बाप रे. हे लगेच बंद केलं पाहिजे. तुम्हीच लिहा नोटीस, तुमचं मराठी चांगलं आहे."

लिहिली. ‘सोसायटीच्या आवारात बालकांच्या हाती तंबाखूजन्य पदार्थ दिले जात असून, त्यामुळे त्यांना व्यसन लागण्याची शक्यता नाकारता येत नाही. सबब सदर वर्ग तात्काळ बंद करण्यात येत आहे.’ खाली सही कमिटीची. एवढं निर्दोष मराठी मी शाळा सुटल्यानंतर लिहिलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी नोटीस लागली. म्हणजे मी लावली. संध्याकाळी मी सईला क्लासहून घेऊन येत होतो, तेव्हा ती बोर्डापाशी थांबली. ‘लागण्याची’ या शब्दाभोवती लाल वर्तुळ होतं. समासात बारीक, गोल अक्षरात लिहिलं होतं: ‘लावण्याची? कर्ता कोण?’ आणि ‘बंद करण्यात येत आहे’ याच्याखाली रेघ मारून पुन्हा, ‘कर्ता कोण?’

"बाबा, हे कोणी लिहिलं?"

"आजोबांनीच असणार. लाल पेन्सिल आहे ना."

"लाल नाही. मूळचं."

"कमिटीने."

"कमिटी म्हणजे कोण?"

"बरीच माणसं असतात, बाळा."

"तू पण असतोस ना?"

"मी त्या दिवशी लवकर उठून आलो."

एका आठ वर्षांच्या मुलीला दोन आठवड्यांच्या आत मी तीन वेळा खोटं सांगितलं होतं. पार्थ असता तर नंबर घालून लिहिलं असतं.

शुक्रवारी ऑफिसातून आल्यावर मी वर न जाता त्यांचं दार वाजवलं. ते कुकरपुढे शिट्ट्या मोजत होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की नोटीस मी लिहिली, विषयही मीच काढला.

"माहीत आहे," ते म्हणाले. "‘नाकारता येत नाही’ असं लिहिणारा या बिल्डिंगमध्ये दुसरा कोण आहे? बसा. एक शिट्टी राहिलीय."

मी बसलो. शिट्टी झाली. त्यांनी गॅस बंद केला.

"तुम्ही चिडला नाहीत?" मी विचारलं.

"चिडलो की. पण साहेब, तपकिरीचं तुम्ही लिहिलंत ते खोटं नाही. मुलांच्या हातात ती द्यायला नको होती. सई रडली त्या दिवशी मलाही ते कळलं. पण तुम्ही ते पोरांच्या काळजीने लिहिलं नाहीत. म्हणून फक्त व्याकरण तपासलं."

"सईला कळू नये म्हणून केलं मी."

"काय कळू नये?"

"की मी हे करतो."

"मग नका करू." इतकं साधं ते म्हणाले, की मला रागच आला. मी नोकरीचं बोललो, घराचं बोललो, मी नाही केलं तर दुसरा कुणी करेल हेही बोललो. ते मान तिरकी करून ऐकत होते. डबी मागताना त्यांचा आवाज कसा होता ते सईने मला नक्कल करून दाखवलं होतं. माझा त्या वेळी तसाच लागला असणार.

शेवटी ते म्हणाले, "खाली वर्ग बंद आहे. माझ्या खोलीवर कमिटीचा अधिकार नाही. रविवारी नऊ वाजता. डबी कपाटात असेल. यायचं तर या."

मी गेलो. याचं श्रेय मी घेत नाही. न जाण्यासाठी चौथी थाप लागली असती आणि ती मला सुचली नाही.

त्या एवढ्याशा खोलीत मुलं ओट्यापासून दारापर्यंत बसली होती. सई खिडकीखाली होती. आजोबांनी मला स्टूल दिलं. रात्रभर पाठ केलेलं वाक्य मी म्हणालो, "मुलांनो, खारूताईचा डबा मी भरतो."

मी शांततेची तयारी करून आलो होतो. पार्थ ताडकन उठला. "काका, खरंच? म्हणजे सोन्याचा अक्रोड तुम्ही टाकता?"

"मी आणि माझी टीम."

"सही यार."

मला वाटलं, यांना अजून नीट कळलेलं नाही. म्हणून मी सविस्तर सांगायला लागलो. तुम्ही कंटाळलात हे आम्हाला कसं कळतं, पहिल्या दिवशी भरपूर का देतो, दुसऱ्या दिवशी हात का आखडतो, कुजका अक्रोड मुद्दाम का ठेवला आहे. मुलं हरखून ऐकत होती. आणि मी, काय सांगू, रंगलो. मध्येच थांबायचो, "मग काय होतं माहितेय?" म्हणून एकेकाकडे बघायचो. एकही मूल हललं नाही. ऑफिसात माझं इतकं लक्ष देऊन कधी कुणी ऐकलं नव्हतं. सई माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं तो राग नव्हता, लाज नव्हती. अभिमान होता. ती शेजारच्या मुलीला कोपराने ढोसून सांगत होती, माझे बाबा आहेत.

"अनुमान लिहा," आजोबा म्हणाले.

मुलांनी लिहिलं. त्यांनी एकेक वही तपासली. ‘आम्हाला खारूताईचा नाद सईच्या बाबांनी लावला. ते खूप भारी आहेत.’ जवळजवळ सगळ्यांचं हेच, शुद्धलेखन थोडं इकडेतिकडे.

मी म्हणालो, "काका, मला असं नव्हतं करायचं."

"मला दिसलं ते," ते म्हणाले. लाल पेन्सिल त्यांनी वहीवर धरली होती. "पण चूक कुठे दाखवू? वाक्य बरोबर आहे." आणि त्यांनी प्रत्येक वहीत बरोबरची खूण केली. त्यानंतर त्यांनी वर्ग घेतला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, पोरांची परीक्षा झाली. गेल्या वर्षी ते गेले. कमिटीने शोकप्रस्तावाचा मजकूर लिहायला मलाच सांगितलं होतं. मी नाही म्हणालो.

त्या रविवारी आम्ही जिन्याने वर निघालो. सईने माझा हात धरला होता, आणि एवढा घट्ट तिने तो बऱ्याच दिवसांत धरला नव्हता. पहिल्या मजल्यावर ती म्हणाली, "बाबा, आता आपण पण डाउनलोड करू ना? तूच बनवलायस."

"नाही."

"डोळे बिघडतात म्हणून?"

मी हो म्हणू शकलो असतो. तिने पुढचा शब्दही मला आयता दिला होता.

"नाही. डोळ्यांचं काही नाही. मी बनवलाय म्हणून नाही. तुला त्याचा नाद लागलेला मला नकोय."

ती पायरीवर थांबली. तिचा हात माझ्या हातातच होता, पण आता तो नुसता होता, धरलेला नव्हता.

"मग पार्थला का दिलास?"

पार्थ आमच्या मागे तीन पायऱ्या खाली उभा होता. त्याला तिसऱ्या मजल्यावर जायचं होतं, आणि आम्ही दोघं वाट अडवून उभे होतो.